सागरकाठच्या गुहेतील एक दुर्मिळ हरिता

पावसाळा लागून पंधरवडा लोटला की शाळेच्या आवाराची भिंत, इमारतीचे जोते, विहिरीचा कठडा व देवळाच्या पायऱ्या यांवर हिरवी मखमल चढू लागते. मुले तिला शेवाळ म्हणतात, तिच्यावरून घसरतात आणि नखाने तिचे पापुद्रे उचलतात. हे काय आहे असे विचारले असता 'शेवाळ' एवढ्या एका शब्दावर उत्तर संपते. वस्तुतः त्या एका शब्दाखाली अगदी निरनिराळ्या प्रकारच्या वनस्पती एकत्र केल्या जातात. त्यांपैकी एका वर्गाला वनस्पतिशास्त्रात 'हरिता' असे नाव असून इंग्रजी नावावरून 'मॉस' असेही म्हणतात. या वर्गातील काही जाती भिंतीभिंतींवर आढळतात, तर काही इतक्या विरळ आहेत की एखाद्या देशात त्यांची ठिकाणे बोटांवर मोजता येतात. पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावरील छायेतल्या, सदैव ओल्या खडकांवर वाढणाऱ्या अशाच एका हरितेची माहिती येथे दिली आहे. ती महाराष्ट्रातील वनस्पती नव्हे. परंतु एखादी वनस्पती दुर्मिळ का होते, हे तिच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या उदाहरणाने होईल. आणि शाळेच्या भिंतीवरील हरितेकडे कसे पाहावे, हेही त्यावरून उमगते.

हरिता म्हणजे काय?

पाण्याच्या डबक्यावर किंवा रांजणाच्या तिवईखाली जो बुळबुळीत हिरवा थर दिसतो, ते बहुधा शैवल होय. त्याला खोड नाही व पाने नाहीत. हरितेचे तसे नाही. भिंतीवरील मखमलीचा एक तुरा भिंगाखाली धरला तर बारीक खोड व त्यावर दाटीने बसलेली इवलीशी पाने स्पष्ट दिसतात. जगात हरितांच्या सुमारे बारा हजार जाती ज्ञात आहेत.

मात्र हरितेला खरी मुळे नसतात. खोडाच्या तळाशी केसांसारखे तंतू असतात. त्यांचे मुख्य काम दगडाला किंवा मातीला धरून राहणे, एवढेच. आंब्याचे किंवा वडाचे झाड जमिनीत खोलवरून पाणी ओढून घेते व नळ्यांतून ते शेंड्यापर्यंत पोचविते. हरितेपाशी अशी पक्की व्यवस्था नाही. तिची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि ती पाणी थेट आपल्या पृष्ठभागातून घेतात. पाऊस पडला, दव पडले किंवा खडक पाझरला की हरिता भिजते. हवा कोरडी झाली की ती वाळते. म्हणून हरितेचे जीवन भोवतालच्या ओलाव्यावर क्षणोक्षणी अवलंबून असते.

तिच्या वंशवृद्धीलाही पाणी लागते. हरितेला फूल नाही, फळ नाही, बी नाही. तिच्या नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन स्त्रीपेशींना मिळतात. पुढे एका बारीक दांड्यावर बोंडासारखा बीजुकाशय येतो. तो पक्व झाला म्हणजे त्यातून धुळीसारखी सूक्ष्म बीजुके बाहेर पडतात आणि वाऱ्यावर पसरतात. अनुकूल जागी पडलेल्या बीजुकातून प्रथम हिरवा तंतू उगवतो व त्यावर नव्या हरितेचे अंकुर फुटतात. बीजुके दूरवर जाऊ शकतात. पण ती कोठे रुजतील हे त्या जागेतील ओल, सावली व उष्णता यांवरच ठरते.

गुहेतील हरितेचे स्वरूप

या लेखातील हरितेचे शास्त्रीय नाव 'सायक्लोडिक्टिऑन लेटिव्हायरेन्स' असे आहे. नावातील पहिला शब्द ग्रीक असून त्यात 'वर्तुळ' व 'जाळे' असे दोन अर्थ आहेत. दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ 'प्रसन्न हिरव्या रंगाची' असा होतो. दोन्ही शब्द सार्थ आहेत. हिच्या पानांतील पेशी हरितांच्या मानाने बऱ्याच मोठ्या असतात. त्यामुळे साध्या भिंगातून पाहिले तरी पानावर जाळीसारखी नक्षी दिसू लागते. पान एकाच थराचे असल्याने त्यातून उजेड आरपार जातो आणि अंधाऱ्या खडकावर ही हरिता पोपटी, काहीशी पारदर्शक दिसते. इंग्रजीत तिला 'उजळ हिरवी गुहाहरिता' अशा अर्थाचे नाव आहे.

तिच्या फांद्या चपट्या असून खडकाला लगटून पसरतात. पाने काही मिलिमीटर लांबीचीच असतात. पानाच्या कडेने अरुंद पेशींची किनार असते आणि पानाच्या तळापासून दोन शिरा निघून परस्परांपासून दूर होत वर जातात. ही लक्षणे महत्त्वाची आहेत. त्याच प्रदेशात, तशाच ओल्या जागी 'हुकेरिया ल्युसेन्स' नावाची दुसरी हरिता आढळते. तीही चपटी व मोठ्या पेशींची असल्याने प्रथमदर्शनी दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. परंतु हुकेरियाच्या पानाला किनारही नसते व शीरही नसते. ती पुष्कळ ठिकाणी मिळते. गुहाहरिता मात्र मोजक्याच ठिकाणी. दुर्मिळ व सामान्य यांतील भेद येथे एका पानाच्या कडेवर ओळखावा लागतो.

या हरितेचे वर्णन प्रथम विल्यम जॅक्सन हुकर व टॉमस टेलर या दोघांनी केले. हुकर हे पुढे १८४१ मध्ये लंडनजवळील क्यू येथील सुप्रसिद्ध वनस्पति-उद्यानाचे संचालक झाले. टेलर हे व्यवसायाने वैद्य होते; आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी परगण्यात त्यांचे वास्तव्य होते आणि १८४८ मध्ये, तेथील भीषण दुष्काळाच्या काळात ते निवर्तले. दोघांनी मिळून ब्रिटन व आयर्लंड येथील हरितांवर लिहिलेला ग्रंथ १८१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला होता. आज प्रचलित असलेले नाव विल्यम मिटन या हरितातज्ज्ञाने १८६४ मध्ये दिले.

ती तेथेच का आढळते?

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, स्कॉटलंडमध्ये जुरा बेटावर आणि आयर्लंडच्या नैर्ऋत्य व पश्चिम भागांत काही ठिकाणी ही हरिता आहे. त्याखेरीज स्पेनचा वायव्य भाग, अटलांटिक महासागरातील मदेरा व अझोर्स ही बेटे आणि आफ्रिकेचा उष्ण प्रदेश येथेही तिची नोंद आहे. तिच्या गणातील बहुतेक जाती अमेरिका व आफ्रिका येथील उष्ण प्रदेशांतील ओल्या अरण्यांत राहतात. म्हणजे ही हरिता उष्ण प्रदेशातील मोठ्या कुटुंबाची, थंड देशाच्या टोकाला टिकून राहिलेली एक आप्त होय. मुंबईच्या कितीतरी उत्तरेला, जेथे हिवाळ्यात दिवस अवघ्या सात-आठ तासांचा असतो, तेथे ती जगते कशी?

याचे पहिले कारण समुद्र. अटलांटिक महासागरातून उष्ण पाण्याचा एक प्रवाह ईशान्येकडे वाहत येतो आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्याला ऊब देतो. आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर जानेवारी महिन्याचे सरासरी तापमान सुमारे ७ अंश सेल्सियस असते. कडक हिमतुषार तेथे क्वचितच पडतात. उन्हाळाही सौम्य असतो. दुसरे कारण पाऊस. आयर्लंडच्या पश्चिम भागांत काही ठिकाणी वर्षातील सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात.

येथे कोकणाशी तुलना करून पाहणे बोधप्रद ठरेल. रत्नागिरीला वर्षाकाठी पडणारा पाऊस आयर्लंडच्या किनाऱ्यावरील पुष्कळशा गावांहून किती तरी अधिक असतो. पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले महिने जांभ्याचे कडे तापतात व कोरडे पडतात. आयर्लंडमध्ये पाऊस थोडाथोडा, पण बाराही महिने पडतो. गुहाहरितेला पाण्याच्या एकूण मापापेक्षा ओलाव्याचे सातत्य अधिक मोलाचे आहे. वर्षातून काही आठवडे जरी खडक कडकडीत वाळला, तरी तिचे पातळ पान ते सोसू शकत नाही.

तिसरे कारण गुहा व घळी यांची रचना. ही हरिता समुद्राजवळच्या गुहांत व ओढ्याकाठच्या धबधब्यांशेजारी, खडकाच्या आडोशाला वाढते. समुद्रगुहेतही तिला लागते ते खडकाच्या भेगांतून झिरपणारे गोडे पाणी. गुहेच्या आत वारा पोचत नाही, ऊन पडत नाही, हवा नेहमी दमट असते आणि बाहेरच्या थंडी-उष्म्याचा परिणाम मंद होतो. उजेड थोडाच असतो. परंतु एका थराच्या पानाला तो पुरतो. त्याच अल्प उजेडात उंच व जोमदार झाडे वाढू शकत नाहीत. म्हणून तेथे तिला स्पर्धाही कमी असते.

अशा रीतीने समुद्राची ऊब, बारमाही ओल, झिरपते पाणी व सावली या चारही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथेच ही हरिता टिकते. अशा जागा मुळातच थोड्या आहेत, म्हणून ती थोडी आहे. तिच्या विरळपणाचे कारण तिच्या अंगी असलेल्या एखाद्या दोषात शोधण्याचे प्रयोजन नाही.

जागा मोडली की वनस्पती जाते

वरील चार गोष्टींपैकी एकही बिघडली तरी काय होते, हे सहज ध्यानात येईल. ओढ्याचे पाणी वर अडवून दुसरीकडे वळविले तर धबधबा आटतो व त्याच्या तुषारांवर जगणारा खडक सुकतो. घळीवरील झाडे तोडली तर सावली जाते व वारा आत शिरतो. सावली वाजवीपेक्षा अधिक झाली तरीही हानी होते. किलार्नीच्या ओकवनांत बाहेरून आणलेले ऱ्होडोडेन्ड्रॉन हे झुडूप इतके दाट माजले की त्याखाली उजेड पोचेना आणि तळाशी वाढणाऱ्या हरिता व इतर लहान वनस्पती गुदमरू लागल्या. ते झुडूप काढून टाकण्याचे कष्टाचे काम तेथील राष्ट्रीय उद्यानात अनेक वर्षे करावे लागले आहे.

माणसाच्या हौसेनेही असाच घात होतो. त्याच किनाऱ्यावर, तशाच ओल्या घळींत वाढणाऱ्या किलार्नीच्या नेच्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. या नेच्याचे पानही मुख्यतः एकाच पेशीच्या जाडीचे व पारदर्शक असते. १८२९ मध्ये लंडनचे एक वैद्य नाथानिएल वॉर्ड यांना असे आढळले की, झाकण लावलेल्या काचेच्या बरणीतील दमट हवेत नेचा न सुकता वाढतो. त्यावरून काचेच्या बंद पेट्या प्रचारात आल्या. या पेट्यांनी दूरदेशींची रोपे बोटीवरून सुखरूप नेण्याची मोठी सोय झाली, हे खरे. परंतु त्याचबरोबर घरोघरी दिवाणखान्यांत नेचे ठेवण्याची फॅशनही वाढली. हा छंद इतका फैलावला की १८५५ मध्ये चार्ल्स किंग्सले या लेखकाने त्याला 'नेच्याचे वेड' अशा अर्थाचे खास नाव दिले. किलार्नीचा नेचा त्या काचेच्या पेट्यांत विशेष शोभून दिसे. विक्रेत्यांनी व हौशी लोकांनी तो टोपल्या भरभरून उपटून नेला आणि पुष्कळ ठिकाणांहून तो नाहीसा झाला. ज्यांनी तो नेला त्यांना तो आवडत होता. द्वेषाने कोणीही उपटला नव्हता. आज जेथे तो शिल्लक आहे तेथील नेमकी जागा सहसा जाहीर केली जात नाही.

गुहाहरिता दिवाणखान्यात ठेवण्यासारखी नव्हती, म्हणून ती या वेडातून बचावली. तथापि संग्रहासाठी एखाददुसरा तुकडा नेणारे असतातच, आणि जेथे सारी वस्ती एकाच खडकावर असते तेथे एक तुकडाही लहान नसतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याच्या आठव्या परिशिष्टात या हरितेचे नाव समाविष्ट आहे. त्या परिशिष्टातील वनस्पती जाणूनबुजून तोडणे, उपटणे किंवा नष्ट करणे हा तेथे गुन्हा ठरतो. तळहाताएवढ्या हिरव्या थरासाठी कायदा करावा लागावा, ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु वाघ जसा अरण्यावाचून राखता येत नाही, तशीच ही हरिता तिच्या झिरपणाऱ्या खडकावाचून राखता येत नाही. वाघाची गैरहजेरी गावाला तरी कळते. हरिता गेली तर कळतही नाही. म्हणून तिची नोंद असणे अगत्याचे आहे.

शाळेत काय करता येईल?

महाराष्ट्रातील शाळांच्या आसपास गुहाहरिता मिळणार नाही. पण हरिता सर्वत्र आहेत. कोकणात माडाच्या बुंध्यावर 'ऑक्टोब्लेफॅरम' नावाची फिकट, पांढरट हिरवी हरिता आढळते. भिंतींवर व दगडी बांधकामावर 'हायोफिला' ही हरिता विपुल असते. देशावरील कोरड्या गावांतही गळक्या टाकीच्या बुडाशी, पाणवठ्याच्या दगडावर किंवा देवळाच्या मागच्या छायेत काही ना काही सापडतेच. खालील चार गोष्टी कोणत्याही शाळेत, खर्चावाचून करता येतील.

पहिली गोष्ट पुनरुज्जीवनाचा प्रयोग. फाल्गुन-चैत्रात भिंतीवरील हरिता काळपट व मेल्यासारखी दिसते. हायोफिलाची पाने तेव्हा आत वळलेली असतात. भिंतीवरून ती न काढता तेथेच तिच्यावर थोडे पाणी शिंपडावे व मुलांना भिंगातून पाहू द्यावे. काही मिनिटांतच पाने उलगडतात व रंग हिरवा होतो. भिंतीवरील हरिता कोरड्या ऋतूत निपचित पडून राहू शकते. गुहाहरितेला ती सवय नाही. एक जात सर्वत्र का दिसते व दुसरी दोन-चार गुहांतच का राहते, याचे उत्तर मुलांना या एका प्रयोगातून डोळ्यांनी पाहावयास मिळते.

दुसरी गोष्ट दिशेची पाहणी. इमारतीच्या चारही बाजूंना हरिता कोठे दाट व कोठे विरळ आहे हे मुलांकडून पाहून घ्यावे आणि त्या त्या बाजूला ऊन किती वेळ असते, पागोळ्यांचे पाणी कोठे पडते, हेही टिपून घ्यावे. उत्तर आधी सांगू नये. दोन्ही टिपणे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ऊन व ओल यांचा संबंध मुलेच बोलून दाखवितात.

तिसरी गोष्ट वर्षभराची नोंद. भिंतीचा वीतभर भाग खडूने आखून घ्यावा; खडू पुसला गेला तर पुन्हा आखावा. दर पंधरवड्याला त्या भागाची स्थिती वहीत लिहावी : हिरवी की वाळलेली, दांड्यावर बोंडे आली की नाहीत, नवी मखमल किती पसरली. वर्षअखेरीस ही वही पुढील इयत्तेच्या हवाली करावी. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी गावच्या हवामानाचाही एक विश्वसनीय दाखला होतात.

चौथी गोष्ट शैवल व हरिता यांतील भेद. दोन्ही नमुने जागेवरच भिंगाने पाहावेत व पाने आहेत की नाहीत एवढ्या एका कसोटीवर ठरवावे. मुलांनी 'शेवाळ' हा शब्द टाकून द्यावा असे नाही. त्या शब्दाखाली काय काय येते हे मात्र त्यांना सांगता यावे.

या पाहणीच्या वेळी दोन बाबतींत दक्षता घ्यावी. ओली हरिता अतिशय निसरडी असते. म्हणून विहिरीच्या आतील भिंतीकडे, धबधब्याजवळ किंवा समुद्राकाठच्या खडकांवर मुलांना नेऊ नये. शाळेच्या आवारातील भिंत या कामाला पुरेशी आहे. दुसरे असे की, वनस्पतींचे नमुने जमविण्याची स्पर्धा हरितेच्या बाबतीत लावू नये. चाळीस मुलांनी प्रत्येकी एक तुकडा खरवडला तर वर्षभर पाहावयाची भिंत एका दुपारी उघडी पडते. नमुना पाहिजेच असेल तर शिक्षकाने स्वतः नखाएवढा एक तुरा घ्यावा, तो कागदाच्या घडीत वाळवावा, त्यावर तारीख व जागा लिहावी आणि तोच सर्व वर्गांना दाखवावा. हरिता अशा रीतीने वर्षानुवर्षे टिकते व पाण्याच्या थेंबाने पुन्हा उलगडून पाहता येते.

पश्चिम घाटातील व कोकणातील ओल्या कड्यांवर, देवराईच्या छायेत व ओढ्यांच्या घळींत हरितांच्या पुष्कळ जाती वाढतात. त्यांपैकी एखादी त्या एकाच ओढ्यापुरती असणे अशक्य नाही. गावची नवी पाऊलवाट, पाण्याची योजना किंवा झाडतोड यांचा विचार होत असताना त्या ओढ्याच्या काठी काय वाढते हे सांगू शकणारी व्यक्ती गावात असली तर उपयोग होतो. ज्या मुलाने शाळेत वर्षभर भिंतीचा वीतभर तुकडा लक्षपूर्वक पाहिला आहे, त्याच्या अंगी तशी दृष्टी येण्याचा संभव अधिक असतो. शिक्षकांनी येत्या पावसाळ्याच्या आरंभी भिंतीवर तेवढी चौकट आखून हे काम सुरू करावे.